हिरडा : चामडं, कापड आणि औषध, तिन्हींत कामाला येणारं एकच रानफळ

वाळलेल्या हिरड्याचा तुकडा तोंडात धरला की क्षणभरात जीभ ओढल्यासारखी होते. गालाची आतली बाजू कोरडी पडते, दात खरखरीत लागतात. याला आपण तुरट म्हणतो आणि सोडून देतो. पण तोंडात काय झालं हे समजून घेतलं, तर हिरड्याची सगळी कहाणी कळते. हिरड्यात टॅनिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं लागतं.

हेच टॅनिन म्हशीच्या कातड्यातल्या प्रथिनाला धरतं तेव्हा कातडं कुजायचं थांबतं आणि त्याचं चामडं होतं. सुती धाग्याला धरतं तेव्हा कापडावर रंग पक्का बसतो. तोंडातल्या आणि पोटातल्या जंतूंवर हिरड्याचा जो परिणाम सांगितला जातो, त्यातही या चिकटण्याचा मोठा वाटा आहे.

रानातल्या झाडांच्या अर्कापासून औषधं आणि पर्यावरणाला कमी त्रास देणारा माल बनवण्यावर सध्या जगभर संशोधन चालू आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. अथणी-निपाणीपासून कोल्हापूरपर्यंतची चप्पल हिरड्याच्या पाण्यावरच उभी राहिली. त्यामुळे हिरडा म्हणजे नेमकं काय, त्याचे कोणते गुण सिद्ध आहेत, कोणते नाहीत, आणि झाड टिकवायचं तर काय करावं लागेल, हे एका जागी पाहणं उपयोगाचं आहे.

झाडाची ओळख

हिरड्याचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया चेबुला. ऐन, अर्जुन, किंजळ, बेहडा ही याच कुळातली भावंडं. झाड मध्यम ते मोठं, पानगळीचं. पानाच्या देठावर, पातं सुरू होतं तिथे, दोन बारीक गाठी असतात. ओळखण्याची ही सोपी खूण. फुलं बारीक, मळकट पांढरी, तुऱ्यात येतात. फळ लांबट असतं आणि वाळलं की त्यावर पाच उभ्या कडा उठतात. बेहड्याचं फळ गोलसर आणि वरून मखमली लागतं, म्हणून दोघांची गल्लत होऊ नये.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, खेड, नगरचा अकोले, साताऱ्याचा महाबळेश्वर परिसर, कोल्हापुरातले शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात हिरडा आहे. सीमेपलीकडे खानापूरच्या रानातही तो आढळतो. मध्य भारताच्या जंगलातही त्याचा मोठा प्रसार आहे.

नावं मात्र प्रांताप्रांतात बदलतात. संस्कृतात हरीतकी, अभया, पथ्या. कन्नडमध्ये अळलेकायी. इंदूर-ग्वाल्हेरकडे हरड किंवा हर्रा, बडोद्यात हरडे, हैदराबादेत तेलुगू बोलणारा दुकानदार करक्काया म्हणेल. काष्ठौषधींच्या दुकानात कोणतंही नाव सांगितलं तरी पुडीत येणारा माल एकच.

मात्र फळ कधी काढलं यावरून त्याची प्रत ठरते. आतली आठी धरण्याआधीच काढून वाळवलेलं बारीक काळं फळ म्हणजे बाळहिरडा. अर्धवट वाढलेलं ते चांभारी किंवा रंगारी हिरडा. पूर्ण वाढलेलं, जाड सालीचं ते सुरवारी हिरडा. नावातच वापर सांगितला आहे. बाळहिरडा आणि सुरवारी औषधाला, मधला कातडी कमावायला आणि रंगाला.

फळात असतं काय

वाळलेल्या फळाच्या गरात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास टॅनिन भरतं. जागा, हंगाम आणि प्रत यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो. चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, कोरिलॅजिन ही त्यातली मुख्य नावं. ही मोठी संयुगं फुटली की त्यातून गॅलिक आणि एलॅजिक आम्ल निघतं. पोट साफ करणारा घटक वेगळा आहे. तो अँथ्राक्विनोन जातीच्या ग्लायकोसाइडचा, सोनामुखीत असतो त्याच घराण्यातला.

टॅनिनच्या रेणूवर पाण्याला आणि प्रथिनाला धरू शकणाऱ्या अनेक जागा असतात. एक हात सुटला तरी दुसरे दहा धरून ठेवतात. त्यामुळे पकड घट्ट बसते. टॅनिन लोखंडालाही असंच धरतं. घरी करून पाहायचं असेल तर हिरड्याची पूड पाण्यात भिजवावी आणि त्या पाण्याचा थेंब गंजक्या खिळ्यावर टाकावा. थोड्याच वेळात डाग काळा होतो. जुनी काळी शाई याच तत्त्वावर बनायची. गंजावर लावून तो घट्ट काळ्या थरात बदलणारी जी द्रावणं आज बाजारात मिळतात, त्यांतल्या अनेकांत टॅनिनच असतं.

कातड्याचं चामडं कसं होतं

जनावराचं कातडं मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचं असतं. ओलं ठेवलं तर जंतू ते खातात, वाळवलं तर पापडासारखं कडक होतं. टॅनिन कोलॅजनच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधतं. मग जंतूंना ते सहज फोडता येत नाही आणि उष्णताही ते जास्त सोसतं. ही प्रक्रिया म्हणजे कातडं कमावणं.

कोल्हापुरी चपलेसाठी परंपरेने म्हशीचं कातडं वापरतात. आधी ते भिजवून धुतात, चुन्यात ठेवून केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी तयार करतात. कातड्याची पिशवी शिवून त्यात हे पाणी भरतात आणि पिशवी टांगून ठेवतात. पाणी हळूहळू कातड्यातून झिरपतं आणि टॅनिन आत मुरत जातं. सगळं मिळून काही आठवडे जातात.

बाभूळ आणि हिरडा एकत्र का, याला कारण आहे. बाभळीच्या सालीतलं टॅनिन वेगळ्या जातीचं, चामड्याला लालसर, घट्ट करणारं. हिरड्याचं टॅनिन फिकट रंगाचं, चामड्याला भरीवपणा देणारं. दोन्ही मिळून टिकाऊ तळ बनतो. कारागिरांनी हे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून बसवलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याची पद्धत आली. काम आठवड्यांऐवजी तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत होऊ लागलं, चामडं मऊ आणि हलकं निघू लागलं. आज जगातलं सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त चामडं क्रोमचं आहे. अडचण सांडपाण्याची आणि गाळाची. योग्य प्रक्रिया न करता ते सोडलं तर माती आणि पाण्यात क्रोमियम साचतं. त्याचं षट्‌संयुजी रूप तर विषारी आणि कर्करोगकारक आहे.

म्हणून वनस्पतीवर कमावलेल्या चामड्याला पुन्हा मागणी येते आहे. मात्र हिरड्याचं पाणी म्हणजे प्रदूषण शून्य, असं समजू नये. टॅनिनचं सांडपाणी गडद असतं, त्यातला सेंद्रिय भार मोठा असतो आणि ते जंतूंनाही लवकर पचत नाही. त्यात जड धातू नसतो, हा फायदा खरा. पण ओढ्यात सोडण्याआधी त्यावरही प्रक्रिया लागतेच.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांना एकत्र आहे. सीमेवरून दोन राज्यांत कितीही वाद असो, चपलेचा कागद दोघांचा मिळून आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला आणल्या. सुरुवातीला कोल्हापुरीचा उल्लेख केला नव्हता. इथून ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं मान्य केलं. त्या वादात घाट आणि नाव यांची खूप चर्चा झाली. हिरड्यावर कमावलेल्या कातड्याबद्दल फार कमी बोललं गेलं. खरं तर या चपलेचा टिकाऊपणा तिथूनच येतो.

कापड आणि रंग

सुती धागा रंगाला सहज धरत नाही. तुरटी किंवा लोखंडाचं पाणी रंग पक्का करतं, पण तेही सुतावर नीट बसत नाही. मधे दुवा लागतो. तो दुवा म्हणजे टॅनिन. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलं की ते पिवळसर होतं. मग तुरटीच्या जागी लाल आणि लोखंडाच्या पाण्याच्या जागी काळा रंग खुलतो.

आंध्रातल्या मछलीपट्टणम आणि श्रीकालहस्तीच्या कलमकारीत कापडाला हिरडा आणि म्हशीचं दूध यांचं पाणी देतात. दुधामुळे रंग फाकत नाही. इंदूरजवळ धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईत आणि कच्छच्या अजरखमध्येही हरड लागतेच. हैदराबाद, इंदूर, बडोदा इथल्या मराठी घरांत जी कलमकारी, बाग किंवा अजरखची चादर-ओढणी असते, ती खरी नैसर्गिक रंगाची असेल तर तिच्या धाग्यात हिरडा आहे.

हिरड्याच्या अर्काने कापड जंतुरोधक करण्याचे प्रयोगही झाले आहेत. प्रयोगशाळेत परिणाम दिसतो. खरी परीक्षा धुण्याची आहे. पाचदहा धुण्यांनंतर गुण राहतो का, यावर असा माल बाजारात टिकणार की नाही हे ठरेल. प्लायवुडच्या नैसर्गिक गोंदासाठी मात्र बाभूळवर्गातल्या झाडांचं टॅनिन जास्त सोयीचं आहे. हिरड्याचं टॅनिन गोंदाच्या रसायनाशी तेवढ्या जोमाने जुळत नाही. म्हणजे एक फळ सगळीकडे चालतं, असं नाही.

औषध म्हणून : खरं किती

आयुर्वेदात हिरड्याचा मान मोठा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला रसायनाचा पहिला पाद हिरडा आणि आवळा यांच्या नावाचाच आहे. खारट सोडून पाचही रस या फळात आहेत असं सांगितलं जातं. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो. तिबेटी चित्रांतल्या औषधबुद्धाच्या हातातही हिरड्याचीच डहाळी दाखवतात.

आधुनिक तपासणीत काय दिसलं? दात किडवणाऱ्या जंतूंवर हिरड्याच्या पाण्यातल्या अर्काचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला, आणि हिरडा किंवा त्रिफळ्याच्या चुळा भरण्याच्या लहान चाचण्यांतही गुण आढळला. पोटातल्या अल्सरशी संबंधित हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरही काचेच्या बशीत परिणाम नोंदला गेला. हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हिरड्यातून वेगळं केलेलं चेब्युलॅजिक आम्ल दाह वाढवणाऱ्या दोन प्रकारच्या एन्झाइमना रोखतं आणि आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवतं, असं पेशींवरच्या प्रयोगात दाखवलं.

हे वाचून लगेच ‘हिरड्याने कॅन्सर बरा होतो’ असा मेसेज फॉरवर्ड करण्याची घाई नको. दोन कारणं आहेत. पहिलं, टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटतं. एन्झाइम हेही प्रथिनच. त्यामुळे काचेच्या नळीत टॅनिन टाकलं की जवळजवळ प्रत्येक एन्झाइम काही ना काही मंदावतं. कातडं कमावणारा गुणच इथे संशोधकाला चकवा देऊ शकतो. दुसरं, ही संयुगं मोठी आहेत. ती आतड्यातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत. आतड्यातले जंतू ती फोडून युरोलिथिन नावाचे छोटे पदार्थ बनवतात आणि तेच शरीरात जातात. प्रत्येकाच्या पोटातले जंतू वेगळे, त्यामुळे परिणामही वेगळा.

म्हणून तोंडाच्या चुळा, घसा, आतडं अशा जिथे अर्क थेट लागतो तिथे हिरड्याचा उपयोग पटण्यासारखा आहे. बद्धकोष्ठावरचा वापर तर पिढ्यांचा आहे. बाकी मोठ्या आजारांसाठी माणसांवरच्या मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय दावा करता येत नाही. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अशा कामाला जागा आपल्या दारातच आहे.

घरात वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• गरोदरपणात, फार अशक्तपणा असताना किंवा उपासाने थकलेल्या शरीराला हिरडा देऊ नये, असं जुने वैद्यकग्रंथही सांगतात.
• टॅनिन लोहाला धरतं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि हिरडा किंवा त्रिफळा एकाच वेळी घेऊ नयेत. मधे काही तासांचं अंतर ठेवावं.
• मधुमेहाची किंवा इतर रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.
• बाळगुटीत बाळहिरडा उगाळून देण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. पण पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहाण आणि पाण्याच्या अस्वच्छतेतून जंतू जाण्याचा धोकाही असतो.

रान, तोडणी आणि भाव

इंग्रजी अमदानीत हिरडा हा मोठा निर्यात माल होता. विलायतेतल्या टॅनऱ्या तो जहाजाने मागवत. व्यापारात प्रतींना बंदरांची आणि गावांची नावं पडली होती. भीमली, जबलपूर, राजपूर आणि आपली वेंगुर्ला ही त्यातली काही. घाटावरचा माल बैलगाडीने उतरून बंदरावर जायचा, त्याची आठवण या नावात उरली आहे.

आज चित्र वेगळं आहे. केंद्र सरकारने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना २०१३-१४ पासून सुरू केली. डिसेंबर २०१८ च्या सुधारित यादीत हिरड्याला किलोमागे १५ रुपये धरले होते. बाळहिरड्याला बाजारात याच्या कितीतरी पट भाव मिळतो. हिशेब सोपा आहे. ज्या फळात बी धरलेलंच नाही त्याला जास्त पैसे, आणि बी धरून पिकलेल्याला कमी. मग फळ झाडावर पिकेपर्यंत थांबेल कोण?

इथेच खरी गोम आहे. बाळहिरडा काढला म्हणजे त्या फळातून झाड उगवण्याची शक्यता संपली. हिरड्याची आठी आधीच कठीण, उगवण कमी आणि उशिरा. सगळीच फळं कोवळी उतरवली, आणि घाईत फांद्या तोडून उतरवली, तर आजची झाडं म्हातारी होत जातील आणि खाली रोप दिसणार नाही. हे नुकसान एका हंगामात कळत नाही. वीसतीस वर्षांनी कळतं.

वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जागी वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. केंद्राचा कायदा असल्यामुळे तो चंदगडला लागू आहे तसाच खानापूरलाही. अभयारण्याच्या हद्दीत, जसं खानापूरमधलं भीमगड, नियम जास्त कडक आहेत. त्यामुळे गोळा करण्याआधी आपल्या गावाचा हक्क कुठवर आहे हे ग्रामसभेत विचारून घेणं शहाणपणाचं.

पुणे जिल्ह्यात जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडं मोडली. तेव्हा शेतपिकासारखी भरपाई हिरड्याला मिळावी म्हणून आदिवासींना आंदोलनं करावी लागली. झाड पेरलेलं नसलं तरी त्यावर घर चालतं, ही गोष्ट सरकारी रकान्यात बसत नव्हती.

चांगलं उदाहरणही आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीतल्या गावांसोबत हिरडा आणि बेहड्यासाठी फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं. यात किती फळ काढायचं, किती झाडावर ठेवायचं याचे नियम असतात आणि गोळा करणाऱ्याला बरा भाव द्यावा लागतो. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश पक्षी घरटी करतात. झाड उभं राहिलं तर फळाचे पैसेही येतात आणि पक्ष्याचं घरही राहतं.

गोळा करणाऱ्याने पाळण्यासारखं

फांदी तोडू नये. प्रत्येक झाडावर काही फळ पिकू द्यावं आणि ओळीने काही झाडं एका हंगामात मोकळी सोडावीत. माल जमिनीवर मातीत न टाकता ताडपत्रीवर वाळवावा, कारण ओलसर मालाला बुरशी लागते आणि व्यापारी भाव पाडतो. एकेकट्याने पोतं घेऊन बाजारात जाण्यापेक्षा गावाने मिळून प्रतवारी करून विकलं तर हाती जास्त पडतं.

सहाणेवरचा हिरडा, अथणीची चप्पल आणि कलमकारीची ओढणी या तिन्हींच्या किमतीत हिरडा वेचणाऱ्याचा वाटा सगळ्यात लहान असतो. नैसर्गिक माल हवा म्हणणाऱ्या ग्राहकाने दुकानात एवढं तरी विचारावं : कातडं कशावर कमावलं आहे, आणि हिरडा कुठल्या रानातला? हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तरच फळ झाडावर पिकू देण्याची किंमत कोणीतरी मोजेल.